लाल कापडाची खुर्ची

"पण बाई, आपल्या चर्चले कोपरे त चारच हायेत," सिंधूताई म्हणाल्या. "हा पाचवा कोठून काढला?"

सुचिताबाई हसल्या. पाळकांची ही बायको लग्न होऊन अहिल्यानगरकडून जानेफळला आली, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. नागपूरला कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्यापासून मुलांच्या प्रार्थनेचं नवंच खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात पोरांना नुसतं डोळे मिटून बसवायचं नाही, त्यांनी हातापायांनी प्रार्थना करायची. एका कोपऱ्यात परातभर पाणी. आपली चूक शाईनं कागदावर लिहायची, कागद पाण्यात सोडायचा आणि शाई विरताना बघत बसायचं. दुसऱ्या कोपऱ्यात दगड उचलून क्रुसाच्या पायाशी ठेवायचा. तिसऱ्यात बाभळीचे काटे, चौथ्यात आणखी काहीतरी. सिंधूताईंचं डोकं परातीपाशीच अडकलं होतं.

"पाचवा कोपरा म्हणजे मागची खोली," सुचिताबाई म्हणाल्या. "तो मोठ्या मुलांसाठी आहे. डोळ्यांवर पट्टी बांधायची, दोरी धरून एकेकानं आत यायचं. दोरी संपली की गुडघे टेकायचे आणि प्रभूला मनातलं सगळं मोठ्यानं सांगायचं. तुम्ही तिथं बसा. कुणी अडखळलं तर धरा. पण एक शब्दही बोलायचा नाही हं, ताई."

"पट्टी कायले? पोरायले डोळे मिटता येतात न."

"अंधारातून चालत गेल्याशिवाय कळत नाही, ताई. आणि तिथं ती जी खुर्ची..."

तेवढ्यात बारक्या पोरांनी परात उलटी केली आणि सुचिताबाई पदर खोचत तिकडे धावल्या. खुर्चीचं वाक्य तिथंच राहिलं. सिंधूताई मात्र आपल्या सवयीनं "हाव" म्हणून मोकळ्या झाल्या. अंगणवाडीत मदतनीस म्हणून जन्म गेला होता. वरून मॅडम येत, नवी योजना सांगत, सिंधूताई हाव म्हणत आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यासारखीच खिचडी शिजवत. चर्चच्या मुलांनाही त्यांनी अशाच वर्षानुवर्षं शिकवल्या होत्या बायबलातल्या गोष्टी, कापडी फळ्यावर चित्रं चिकटवून. त्यातल्या मेंढराचा एक पाय कधीच गळून पडला होता, पण पोरांची त्याबद्दल तक्रार नव्हती. प्रार्थना म्हणजे हात जोडायचे, डोळे मिटायचे, शेवटी आमेन. त्यात परात कशाला लागते, हे त्यांना काही केल्या उमगेना.

गुरुवारी ऊन कलल्यावर त्या मागच्या खोलीत गेल्या. खिडकीला जुनं लुगडं लावून अंधार केला होता. दाराशी स्टूल होतं, त्यावर पाण्याचा तांब्या. आणि खोलीच्या मधोमध त्यांची खुर्ची.

चर्चमध्ये बाया सतरंजीवर बसत. सिंधूताईंचे गुडघे गेल्यापासून मागच्या भिंतीशी एक प्लॅस्टिकची खुर्ची त्यांच्यासाठी असे. तिचा हात तडकलेला होता, त्याला तारेचे वेढे दिलेले होते. दुसरं कुणी त्या खुर्चीवर बसत नसे. आज तीच खुर्ची इथं आणून तिच्यावर लाल मखमली कापड अंथरलं होतं. सिंधूताईंना भरून आलं. पोरगी नवी असली तरी जाणीव ठेवते, म्हातारीचे गुडघे तिच्या लक्षात राहिले, वर कापडही टाकलं. त्या हळूच बसल्या आणि पाय जरा लांब केले.

दोरी हलली. डोळ्यांवर पट्टी बांधलेला, मिसरूड फुटलेला सागर आत आला आणि दोरी संपली तिथं, अगदी त्यांच्या पुढ्यात, गुडघ्यांवर बसला.

"प्रभू, भूमितीचा पेपर मी कसा लिहिला हे तुले माहीतच हाय," तो म्हणाला. "आता माह्या हातात काही नाही. पेपर तपासनाऱ्या मॅडमचं त्या दिवशी घरी भांडण नको होऊ देजो. आमेन."

सिंधूताईंनी हसू पदरात दाबलं. पण तो गेल्यावर त्या चपापल्या. पोरगा बोलला तो थेट त्यांच्याकडे तोंड करून. दोरी त्यांच्याच पायाशी संपत होती. गुडघ्यांसाठी टाकलेलं पोतंही त्यांच्याच समोर होतं. त्यांनी बुडाखालच्या लाल कापडावरून हात फिरवला, दाराशी ठेवलेल्या स्टुलाकडे पाहिलं, आणि सुचिताबाईंचं अर्धं राहिलेलं वाक्य आपोआप पुरं झालं. खुर्ची त्यांच्यासाठी नव्हती. खुर्ची रिकामी राहायची होती.

त्या घाईनं उठायला गेल्या. पण त्यांचे गुडघे घाई जुमानणारे नव्हते. दोन्ही हातांवर भार देऊन त्या अर्ध्या उठल्या, तोच दोरी पुन्हा हलली. पुन्हा खाली बसण्यावाचून इलाज नव्हता. आणि आत आली ती त्यांचीच नात, समीक्षा.

ती पोत्यावर बसली. सिंधूताईंनी लांब केलेले पाय हळूच खुर्चीखाली ओढले.

"प्रभू, आईचा फोन येऊन राह्यला," समीक्षा म्हणाली. "म्हणते दहावी झाली, आता नाशिकले ये. इथून कॉलेज कर, मंग नर्सिंगले जाय. काकाही हाव म्हणून राह्यले. मले जायचं हाय. खरंच जायचं हाय. पण आजीले सांगता येत नाही. मी सांगतलं त आजी हाव म्हणन, आन मंग जेवणार नाही."

तिनं नाक ओढलं.

"म्हणून तूच तिच्या मनात घाल. तिनं आपल्या तोंडानं म्हटलं पाह्यजे, का जाय म्हणून. रविवारपर्यंत म्हटलं त मी समजन, तू ऐकतं. नाही म्हटलं त आईले नाही सांगून टाकन. आन तुले पुन्हा काही मागणार नाही."

आमेन म्हटल्यावरही ती उठली नाही. कुणी काही बोलेल, अशी वाट बघत राहिली. तिचा हात सिंधूताईंच्या लुगड्यापासून वीतभर लांब होता. मग तिनं चाचपत दोरी शोधली आणि ती गेली.

सुचिताबाई आल्या, तेव्हा सिंधूताई स्टुलावर बसलेल्या होत्या आणि खुर्चीवरचं कापड नीट केलेलं होतं.

"कसं वाटलं, ताई?"

"मले काही समजलंच नाही बाई," सिंधूताई म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं.

मुलगा मेहकरच्या रस्त्यावर अपघातात गेला, तेव्हा समीक्षा मांडीवरची होती. सून दीपमाला तरणीताठी. सिंधूताईंनीच तिला म्हटलं होतं, माय, तुह्यं वय काय हाय, तू दुसरं घर पाह्य. फक्त पोरगी माह्यापाशी राहू दे. दीपमालानं ते ऐकलं होतं आणि नाशिकला दुसरं लग्न केलं होतं; त्या नवऱ्याला समीक्षा काका म्हणायची. तेव्हापासून या घरात दोनच ताटं वाढली जात. पोरगी म्हणजे सिंधूताईंची आंधळ्याची काठी, आणि आता काठीनंच देवाकडे रजेचा अर्ज दिला होता. तोही चुकून म्हातारीच्याच हातात.

वाईट वाटलं ते जाण्याचं नव्हे. पोरगी खोटं कधी बोलली नव्हती, आणि तरी एवढं मोठं मनात घेऊन ती रोज शेजारी जेवत होती. आपण हाव म्हणतो आणि मग जेवत नाही, हे तिला ठाऊक होतं. आपल्याला मात्र आजवर ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना झाली. प्रभूनं आपल्या आईला शिष्याच्या हवाली केलं, त्यावर पाळकसाहेब बोलत होते. सिंधूताईंनी हे दरवर्षी ऐकलं होतं. यंदा त्यांच्या मनात आलं, त्या माउलीला कुणी विचारलं का, की बाई, तुला काय वाटतं? उपासना संपल्यावर त्यांनी सुचिताबाईंना बाजूला घेतलं.

"बाई, त्या खुर्चीवर कोण बसते?"

"प्रभू. म्हणजे, तो तिथं आहे असं समजून मुलं बोलतात."

"आन समजा, दुसरं कोणी बसलं त?"

"दुसरं कोण बसणार, ताई? रिकामी आहे म्हणून तर मुलं मोकळेपणानं बोलतात." सुचिताबाईंचा चेहरा इतका आनंदी होता की सिंधूताईंनी पुढचं गिळून टाकलं.

शनिवारी सकाळी त्या शेजारच्या जहांआराकडे गेल्या. जहांआरा गोधड्या शिवायची. दोघींनी एकमेकींची बाळंतपणं आणि मयती निभावल्या होत्या, त्यामुळे चोरून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सिंधूताईंनी सगळं सांगितलं. जहांआरानं सुई थांबवली.

"मंग गप बस न," ती म्हणाली. "रविवार निघून जाईन, पोट्टी राहीन. तुले कोण विचारते?"

"पोरगी देवाचं नाव सोडून देईन न वो."

"सोडन, मंग धरन. लेकरू हाय." जहांआरानं चार टाके घातले आणि पुन्हा थांबली. "पण सिंधू, दुसऱ्याची दुआ तुह्या कानात पडली. डाकवाल्यानं चुकून दुसऱ्याचं पाकीट आपल्या घरी टाकलं, त आपण ठेवून घेतो का?"

"ज्याचं त्याले नेऊन देतो."

"मंग?"

"पण त्याच्यावर पत्ता देवाचा हाय. मी कोठं नेऊन देऊ?"

जहांआरानं सुई गोधडीत खोचून ठेवली. "मलेही समजत नाही बाई," ती म्हणाली, आणि दोघींनी चहा घेतला.

संध्याकाळी आजी आणि नात कब्रस्तानात गेल्या. ईस्टरच्या पहाटे सारी मंडळी तिथं फुलं वाहायला येत, म्हणून आदल्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या माणसाची कबर साफ करायची, असा रिवाज होता. समीक्षानं कुसळं उपटली, चुना कालवला. सिंधूताई दगडावर बसून बघत होत्या. पोरगी बापाच्या कबरीवर कुंचला फिरवत होती आणि तिचं लक्ष सारखं आजीच्या तोंडाकडे जात होतं. काल दिवसभरही ती अशीच बघत होती. सिंधूताईंनी "मीठ दे" म्हणायला तोंड उघडलं, तरी तिच्या हातातलं काम थांबायचं.

सिंधूताईंना वाटलं, देवाला सांगायचंच असेल तर त्यानं सांगावं. त्यानं पोरीला सांगावं किंवा आपल्याला स्वप्नात येऊन सांगावं. दोन रात्री त्यांना धड स्वप्नही पडलं नव्हतं. सूर्य टेकला होता. पोरीनं कुंचला धुवायला घेतला, आणि तिचे खांदे उतरलेले त्यांना दिसले. तिनं आशा सोडली होती. ते मात्र त्यांना बघवेना.

"समीक्षा, दहावी त झाली तुही," त्या म्हणाल्या. "आता तू आईकडे जाय. नाशिकले."

कुंचला बादलीत पडला. समीक्षा वळली, पण ती आजीकडे बघत नव्हती. आजीच्या मागं कुणी उभं असल्यासारखी ती बघत होती.

"आजी, तुले कोणं सांगतलं?"

मुलाच्या कबरीशी बसून खोटं बोलवेना, आणि खरं बोलायचं तर पोरीचं सगळंच मोडणार. "ते नको विचारू माय," सिंधूताई म्हणाल्या. "जाय म्हटलं न. आन मी जेवण करत जाईन रोज."

समीक्षा चुन्याच्या हातांनीच त्यांच्या गळ्यात पडली आणि रडली. सिंधूताईंना तिची पाठ थोपटताना एकच आशा होती, की आता ही म्हणेल, नाही आजी, मी नाही जात तुला सोडून. त्यांनी पुष्कळ वेळ वाट पाहिली. समीक्षा म्हणाली, "मी आईले आताच फोन करू?"

"कर," त्या म्हणाल्या.

ईस्टरच्या सकाळी साक्षीच्या वेळेला, म्हणजे देवानं आपल्याला काय दिलं ते मंडळीपुढं सांगायच्या वेळेला, समीक्षा उठली. गुरुवारी रिकाम्या खुर्चीपुढं आपण काय मागितलं आणि शनिवारी कसं मिळालं, ते तिनं अडखळत सांगितलं. बाया डोळे पुसू लागल्या, सुचिताबाई तर उघड रडत होत्या. सागरनंही मान ताठ करून खुर्चीकडे पाहिलं, त्याची भूमिती आता सुरक्षित होती. खुर्ची वेदीजवळ ठेवली होती, तिच्यावर लाल कापड, कापडावर कुणीतरी मोगऱ्याचा गजरा ठेवला होता.

सिंधूताई ऐकत होत्या. हे खरं म्हणावं की खोटं? देवाच्या जागेवर आपण बसलो, की देवानंच आपल्याला धरून बसवलं? पोरीला उत्तर मिळालं, एवढं खरं होतं. ते देताना आपल्या पोटात काय तुटलं, हेही तितकंच खरं होतं. पुढचं त्यांना समजत नव्हतं, आणि विचारावं असं कुणी दिसत नव्हतं.

समीक्षा परत येऊन त्यांच्याशेजारी थांबली, तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. आजी उपासनेच्या सुरुवातीपासून सतरंजीवर बसली होती, भिंतीला टेकून, पाय पुढं करून.

"आजी, ते त तुही खुर्ची हाय. मी घेऊन येऊ?"

"नको," सिंधूताई म्हणाल्या. "राहू दे तिथंच. आता तिच्यावर कोणी बसू नये."

शेवटचं गीत झालं, आशीर्वाद झाला. माणसं उठून एकमेकांना सलाम करू लागली. समीक्षानं वाकून हात पुढं केला, रोज करायची तसा. सिंधूताईंनी त्या हाताकडे पाहिलं, पण धरला नाही.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "माह्यं मले उठता येते का, ते पाहू दे."

त्यांनी भिंतीवर तळवा टेकला, एक पाय जवळ ओढला आणि हळूहळू उठू लागल्या.