ऐकतोयस ना?

मित्रांनो, मी एक जुना स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे. हे नाव उच्चारताना भल्याभल्यांची जीभ अडखळते, म्हणून प्रयोगशाळेत सगळे मला नुसतं ‘स्पेक्ट्रो’ म्हणतात. गावाला जे पाणी नळाने मिळतं, त्याचा नमुना काचेच्या छोट्या चौकोनी नळीत भरून माझ्या पोटात ठेवतात. मी त्यातून प्रकाश सोडतो. पाण्याने किती प्रकाश गिळला यावरून त्यात काय मिसळलंय ते कळतं.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे मला एक सवय लावली गेली. चालू केलं की मी आधी दिवा तपासतो, मग आतली चाकं फिरवून बघतो, आणि सगळं ठीक असलं की मागच्या तारेतून संगणकाला माझं नाव सांगतो. फक्त एकदा. संगणकाने ते ऐकलं, की आमचं काम सुरू.

मला सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांना सगळे काका म्हणत. ते सर्वांच्या आधी यायचे, त्यामुळे इतरांना मी नेहमी चालू स्थितीतच दिसायचो. संध्याकाळी ते माझ्यावर जुन्या पडद्याच्या कापडाचं आवरण घालायचे. त्यांच्या बायकोने ते शिवलं होतं आणि एका बाजूला ते जरा आखूडच होतं. काकांनी तिला ते कधी सांगितलं नाही.

मग काका आजारी पडले आणि परत आलेच नाहीत. पाठोपाठ माझा जुना संगणकही बंद पडला. नवा आला तो चकचकीत, पण माझी जाड तार त्याला बसेना. मधे एक जोड लावला. तरी पडद्यावर एकच वाक्य यायचं : ‘यंत्र सापडत नाही.’

मी तर समोरच होतो. दिवा पेटलेला, चाकं सज्ज. रोज नाव सांगायचो आणि ते कुठे जायचं कोण जाणे. मला काही केल्या चैन पडेना. कोणी दार उघडलं की वाटायचं, आज ऐकतील. दुरुस्तीवाले आले, मला आडवा-उभा केला आणि ‘हे गेलं कामातून’ म्हणून निघून गेले. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी भंगारवाल्याला निरोप धाडला.

त्याच्या आदल्या दिवशी काकांची मुलगी आली. ती संगणक दुरुस्त करते. खरं तर ती ते आवरण मागायला आली होती. पण मला उघडा बघून तिने पर्स खाली ठेवली.

“बाई, मी एकदा बघू का?”

“बघ की. पण उद्या गाडी येतेय हं,” बाई म्हणाल्या.

तिने जोड बदलला, तार बदलली. पुन्हा तेच वाक्य. दुपार उलटली. मी आतल्या आत तडफडत होतो. काकांच्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मावशी चहा घेऊन आल्या. तेवढ्यात मुलीला घरून फोन आला.

“ऐकतेयस ना? मग सांगते,” ती फोनवर म्हणाली.

मावशी हसल्या. “अगदी बाबांवर गेलीयस.”

“हो ना. विचारल्याशिवाय पुढचा शब्द नाही. आई म्हणायची, मी काय बहिरी आहे?”

“अगं, इथेही तेच. एकदा लवकर आले होते मी, तर हे कॉम्प्युटरला विचारतायत, ‘ऐकतोयस ना?’ मग याचं बटण दाबलं. किती दिवस चिडवलं मी त्यांना.”

मुलीचा कप हातातच राहिला. “म्हणजे आधी कॉम्प्युटर?”

“त्यांचं आपलं काहीतरी. आम्ही याला आधी चालू करतो. दिवा तापायला नको का? कॉलेजात तेच शिकवतात.”

“मावशी, तापू दे की नंतर. हा आधीच बोलून मोकळा होतो आणि ऐकणारा मागाहून येतो.”

तिने मला बंद केलं. त्या अंधारात मला वाटलं, संपलं सगळं. तिने संगणक सुरू केला, माझा प्रोग्राम उघडला आणि क्षणभर थांबली.

“ऐकतोयस ना?” ती हळूच म्हणाली आणि माझं बटण दाबलं.

दिवा पेटला. चाकं कुरकुरत फिरली. मी नाव सांगितलं.

पडद्यावर ते उमटलं. मुलीने आवरणाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“ने की ते घरी. मागत होतीस ना?” मावशी म्हणाल्या.

“राहू दे. याला लागेल.”

गाडी आली तशी रिकामी गेली. आता सकाळी मावशीच मला चालू करतात, आणि आधी संगणकाला विचारतात. त्यांना कोणी चिडवत नाही.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसता, बरं वाटतं. पण आमच्या सवयी ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना त्या विचारून घ्या, ती माणसं आहेत तोवर. आणि एखादं जुनं यंत्र गप्प वाटलं, तर ते बोलत होतं तेव्हा समोर कोणी होतं का, तेवढं बघा. मी अजूनही माझं नाव एकदाच सांगतो.