लंगडीच्या पोटातलं पीठ

लंगडीचं पोट चिरलं आणि आमच्या बेकरीचा वास आला.

मेलेल्या हरणाचा वास मला नवा नाही. मी प्राण्यांची डॉक्टर. तलावाकाठच्या जंगलात जनावर मेलं की ते माझ्याच टेबलावर येतं. पण हा वास लहानपणापासून ओळखीचा होता, आंबून फुगलेल्या पिठाचा. तो रक्तात आणि शेणात मिसळून वर आला. मास्क ओढून काढला आणि बेसिनमध्ये ओकले.

पोट पिठाने ठासून भरलं होतं. पांढुरकं, चिकट, वर बुडबुडे. पाला पचवणाऱ्या पोटात यीस्टचं पीठ गेलं की ते फुगत जातं, आंबट होतं आणि आतली कातडी सोलून काढतं. लंगडीची ती कातडी माझ्या हातमोज्याला चिकटून आली.

पीठ कोणाचं, हे विचारायची गरज नव्हती. आई गेल्यापासून बाबा रोज सकाळी लंगडी आणि तिच्याबरोबरच्या चार हरणींसाठी डबा घेऊन तलावावर जातात. लोक तिथे चिप्स, बिस्किटं, वाट्टेल ते फेकतात, फोटो काढतात आणि मोठं पुण्य केल्याच्या थाटात घरी जातात. मला त्यांची किळस येते. बाबाही त्यांना शिव्या घालतात. स्वतःचं मात्र वेगळं! काही देऊ नका म्हणून मी दहादा सांगितलं, तर म्हणाले, "अगं, भाजलेला पाव जड. मी कच्चं देतो, छान फुगवून. फुगलं की पचायला हलकं. चाळीस वर्षं बेकरी चालवली, मला शिकवू नकोस."

दुपारी त्यांचाच फोन आला. "आज लंगडी दिसली नाही गं. बाकीच्या चौघी बघ कशा गुटगुटीत झाल्यात! उद्या जास्त नेतो."

गुटगुटीत! त्या चौघींची पोटं फुगली होती. उद्याचा डबा त्यांच्यापर्यंत पोचला, तर त्याही माझ्याकडेच येणार होत्या.

"बाबा, दवाखान्यात या. आत्ता. आणि उद्याचा डबा घेऊन या."

ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. हळू सांगता आलं असतं, पण माझं डोकं फिरलं होतं. मी टेबलावरची चादर बाजूला ओढली. "ही तुमची लंगडी. आणि हे तुमचं पीठ."

बाबांनी नाकाला रुमाल लावला. "माझं कशावरून? तिथे शंभर लोक येतात."

मग ते पुढे झाले. मी अडवायच्या आत त्यांनी उघड्या हाताने पोटातला एक गोळा उचलला आणि दोन बोटांत ताणून पाहिला, आयुष्यभर पाहत आले तसा. तार लांबली, तुटली नाही.

"माझंच आहे," ते म्हणाले. "मळलंय बघ कसं."

बोलून गेले आणि तोंड तसंच उघडं राहिलं. ते बोटं शर्टाला पुसू लागले. पीठ निघेना.

"त्या चौघींच्या पोटातही हेच?"

"हो. उद्यापासून काही दिलं नाही, तर वाचतील कदाचित."

त्यांनी डबा उघडला. आतलं पीठ झाकणाला टेकलं होतं. आतडी टाकायच्या बादलीत त्यांनी ते सगळं उपडं केलं आणि बघत उभे राहिले.

"यावर काहीतरी ओत गं," ते म्हणाले, "नाहीतर अजून फुगेल."

मी फिनाइलची बाटली त्यांच्याच हातात दिली.