झुल्फिये बेकिरोवा सालिहोवा

बल्गेरियातल्या दोल्ना रेका गावच्या शिवणखान्यात सतरा बायका होत्या आणि सतराही जणींना दोन-दोन नावं होती. एक हजेरीपुस्तकातलं, एक घरातलं. मुकादमीण हाक मारायची ती पुस्तकातल्या नावाने. दुपारी डबे उघडले, कोणी चीज पुढे केलं, कोणी घरच्या मिरच्यांचं लोणचं, की घरातली नावं बाहेर यायची, तीही दबक्या आवाजात. अठरा वर्षांत हे इतकं अंगवळणी पडलं होतं की कोणी चुकून मोठ्याने 'नाझिफे!' म्हटलं, तर नाझिफे स्वतःच आधी दाराकडे बघायची.

झुल्फिये खिडकीजवळच्या मशीनवर बसायची. खाणकामगारांच्या निळ्या कोटांना खिसे लावायचं तिचं काम. पुस्तकात ती झ्लात्का. हे नाव तिने निवडलं नव्हतं. बहात्तर सालच्या हिवाळ्यात गावच्या कचेरीत टेबलावर बल्गेरियन नावांची यादी ठेवली होती, बाहेर बंदूकवाले उभे होते, आणि प्रत्येक मुसलमानाने त्या यादीतून आपल्यासाठी एक नाव उचलायचं होतं. झुल्फियेच्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा कारकुनाने स्वतःच यादीवरून बोट फिरवलं.

"झ वरून... झ्लात्का. घे बाई, सोन्यासारखं नाव आहे." मग तिचं बोट धरून उभ्या असलेल्या चार वर्षांच्या सेबिलेकडे बघून म्हणाला, "आणि ही सिल्विया. सिनेमातली नटीच जशी!"

झुल्फियेचा बाप बेकिर गावात अजान द्यायचा. तो सही करायला गेलाच नाही. वरच्या जंगलात अकरा दिवस बर्फात लपून राहिला. बाराव्या दिवशी खाली आला तो डाव्या पायाची तीन बोटं गमावून, आणि आल्या आल्या निमूट सही केली. त्यानंतर तो आठ वर्षं जगला. त्या आठ वर्षांत कोणी कुठल्याही नावाने हाक मारली तरी त्याने ओ दिली नाही. जेवायला बोलवायचं तर खांद्याला हात लावावा लागे. मेला तेव्हा कबरीवरच्या पाटीवर लिहिलं गेलं, बोरिस.

नव्वदच्या वसंतात सरकार बदललेलं होतं. नवा कायदा आला. ज्याला आपलं जुनं नाव परत हवं असेल त्याने जिल्ह्याच्या कोर्टात अर्ज करावा.

"आम्ही घरचे नऊच्या नऊ जातोय," नाझिफे जेवणाच्या सुट्टीत म्हणाली. "म्हातारीला खुर्चीसकट उचलून नेणार. तुझं कधी?"

"रुशानला विचारते."

"त्याला काय विचारायचंय? त्याचं नाव त्याला विचार, तुझं तुला!"

बायका हसल्या. झुल्फियेही हसली.

रुशान तिचा नवरा. शिशाच्या खाणीत तो टोळीप्रमुख होता; कागदावर रुमेन. संध्याकाळी तो घेवड्याच्या सूपमध्ये पाव बुडवत होता तेव्हा तिने विषय काढला. त्याने चमचा खाली ठेवला नाही.

"पेन्शनला दोन वर्षं राहिलीत. माझी सगळी फाइल रुमेनच्या नावाने आहे. आता रुशान झालो, तर अठरा वर्षं खाणीत कोण उतरत होतं ते सिद्ध करत फिरू?"

"सगळेच करतायत, रुशान."

"सगळ्यांना वाटतंय हे सरकार टिकेल. आज दिलंय, उद्या काढून घेतील. आणि तेव्हा पहिली धरपकड कोणाची होईल? ज्यांनी मागितलं त्यांची."

"घरात मी तुला रुशानच म्हणते."

"मग म्हण की! मी कधी नको म्हटलं? ओ देतो ना?"

माणूस वाईट नव्हता. ज्या वर्षांत रोजे धरणाऱ्यांची नावं कचेरीत कळवली जायची, त्या वर्षांत झुल्फिये पहाटे उठली की तो स्वतः उठून खिडकीला घोंगडी लावायचा, उजेड बाहेर जाऊ नये म्हणून. तो स्वतः मात्र रोजा धरत नसे. खाणीत सगळ्यांसमोर जेवायचा. नमाज त्याने सोडली त्याला किती वर्षं झाली हे तिने विचारलं नव्हतं.

आठवड्याने पोस्टातून निरोप आला की मुलीचा फोन आहे. सिल्विया प्लोवदिव शहरातल्या एका इस्पितळात परिचारिका होती. सप्टेंबरमध्ये तिचं लग्न ठरलं होतं, प्लामेन नावाच्या बल्गेरियन मुलाशी.

"आई, बाबा सांगत होते तू कोर्टात जाणारेस. खरंय?"

"विचार करतेय."

"पत्रिका छापायला दिल्यात गं. रुमेन आणि झ्लात्का कामेनोवी यांची कन्या, असं छापतायत. इथे वॉर्डात कोणाला माहीतसुद्धा नाही आपण कोण ते."

"आणि प्लामेनला?"

"त्याला माहीत आहे. त्याच्या आईला नाही."

झुल्फियेने फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुझंही नाव होतं, सेबिले."

"मला आठवत नाही."

"चार वर्षांची होतीस तू. चांगली बोलायचीस."

"आई, मी सांगितलं ना, आठवत नाही. लग्न होईपर्यंत थांब. एवढंच मागतेय."

झुल्फिये थांबली. पाच आठवडे थांबली. तेवढ्यात शिवणखान्यात एकेकीचे कागद येऊ लागले. प्रत्येक कागद मुकादमिणीच्या टेबलावर जायचा, ती चष्मा चढवून हजेरीपुस्तकात जुनं नाव खोडायची आणि दुसऱ्या दिवशी अडखळत नवं वाचायची. नाझिफे. असिबे. एमिने. आणि ज्या बाईचं नाव वाचलं जाई ती शाळेतल्या पोरीसारखी ताठ उभी राहून 'हजर' म्हणायची. मे संपता संपता सोळा जणी झाल्या.

"झ्लात्का," मुकादमिणीने वाचलं.

"हजर."

"आता आमच्यात तू एकटीच बल्गेरियन उरलीस गं," नाझिफे म्हणाली. "म्हणजे मुकादमीण सोडून."

सगळ्या हसल्या. थट्टाच होती ती, नाझिफेच्या मनात काही नव्हतं. झुल्फियेने खिसा उलटा लावला, उसवला, पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि सकाळची बस धरली.

न्यायाधीश म्हणजे एक तरुण बाई होती. सर्दी झालेली, सारखी नाक पुसत होती.

"तुमचं नाव?"

"झुल्फिये."

"वडिलांचं?"

"बेकिर." दहा वर्षांनी हे नाव ती कोणासमोर उच्चारत होती. आवाज जरा मोठाच निघाला.

"आडनाव. नवऱ्याने अर्ज केलाय का?"

"नाही."

"मग त्याचं आहे तेच राहील. झुल्फिये बेकिरोवा कामेनोवा."

झुल्फियेने मनात म्हणून बघितलं. कोटाला दुसऱ्याच कोटाची बाही जोडल्यासारखं वाटलं. "दुसरं काही घेता येतं का?"

"माहेरचं घेता येतं, आजोबांच्या नावावरून. पण मग कागदावर तुमचं आणि नवऱ्याचं आडनाव एक राहणार नाही. हवं तर बाहेर बसा, विचार करून या."

झुल्फिये बाहेर गेली नाही. "सालिह," ती म्हणाली. "आजोबांचं नाव सालिह."

परतीच्या बसमध्ये ती कागद पर्समध्ये ठेवून, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. तिला वाटलं होतं आज रडू येईल, किंवा आनंदाने ऊर भरून येईल. तसं काहीच झालं नाही. फक्त कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं. तिने ओठातल्या ओठात आपलं पूर्ण नाव म्हटलं. शेजारच्या अनोळखी बाईने वळून विचारलं, "काही म्हणालात?"

"नाही हो," झुल्फिये म्हणाली.

रुशानने कागद दिव्याखाली धरून वाचला. त्याचं बोट तिसऱ्या नावावर थांबलं.

"सालिहोवा. म्हणजे माझ्या घरातून गेलीस तू."

"कुठे गेले? इथेच तर बसलेय."

"कागदावर गेलीस."

"कागदावर तू रुमेन आहेस. त्या माणसाशी माझा निकाह कधी झालाच नव्हता."

बोलून गेली आणि तिला वाटलं, हे बोलायला नको होतं. रुशानने कागदाची घडी घातली, नीट, मूळच्या घड्यांवरच, आणि तिच्यासमोर ठेवली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "तुला कागद एवढे लागतात तर कागदाप्रमाणेच चालू दे. यापुढे मला रुमेन म्हणायचं."

दुसऱ्या सकाळी तिने चहाला बोलावलं, "रुशान!" त्याने ओ दिली नाही. अंगणात समोर उभा होता. तिने पुन्हा हाक मारली. त्याने कुऱ्हाड उचलली आणि लाकडं फोडू लागला. रुमेन म्हणायला तिची जीभ वळेना. मग त्या घरात कोणी कोणाला नावाने हाक मारायचं बंद झालं. 'अरे', 'अगं', 'ऐकलंस का', एवढ्यावर त्यांचं भागायला लागलं.

लग्न प्लोवदिवच्या एका हॉटेलात झालं. विहीणबाई अंगाने भरलेल्या, मनाने मोकळ्या, जवळ येऊन त्यांनी झुल्फियेच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

"विहीणबाई, काय म्हणायचं तुम्हाला? झ्लात्काच ना?"

त्यांच्या मागे पांढऱ्या पोशाखात सिल्विया उभी होती. तिने आईकडे बघितलं. डोळ्यांत विनवणी नव्हती, नुसती भीती होती. इस्पितळात रोज माणसं मरताना बघणारी ही मुलगी, आणि तिला आपल्या आईच्या एका शब्दाची भीती.

"सिल्वियाची आई म्हणा," झुल्फिये म्हणाली. "मला तेच आवडतं."

"वा वा, मग मीही प्लामेनची आई!" विहीणबाई खूश झाल्या. सिल्वियाने सोडलेला श्वास झुल्फियेला एवढ्या गलक्यातही ऐकू आला.

जेवणात डुकराचं मटण होतं. झुल्फिये कोशिंबीर आणि पाव खात राहिली. शेजारी बसलेल्या रुशानने, तिच्याकडे न बघता, आपल्या ताटातली कोशिंबीर तिच्या ताटात सरकवली. तिला वाटलं आता तो काही बोलेल. तो वाजणाऱ्या बँडकडे बघत होता.

दोन वर्षांनी रुशानला पेन्शन बसली. त्याच उन्हाळ्यात सिल्विया तीन महिन्यांची मुलगी घेऊन दहा दिवसांसाठी आली. मुलीचं नाव देसिस्लावा. झुल्फियेने माळ्यावरून पाळणा काढला, धुतला, उन्हात ठेवला. किसलेल्या बटाट्यात पुदिना घालून थापलेला पातातनिक रोज भाजू लागली, कारण सिल्वियाला तो लहानपणापासून आवडायचा. पहिले चार दिवस बरे गेले. मायलेकी ओट्यावर बसून दुपटी शिवायच्या. सिल्विया वॉर्डातल्या गमती सांगायची आणि दोघी हसायच्या.

पाचव्या दिवशी नाझिफे कुंपणाशी आली. "कानात नाव सांगितलं का पोरीच्या?"

"नाही अजून."

"मशिदीतल्या होजाला बोलाव. आता कोणाची भीती आहे?"

"सिल्वियाला चालणार नाही."

"तिला कशाला सांगायचं? एका कानात अजान द्यायची, तीन वेळा नाव म्हणायचं, संपलं. तुझ्या बापाची पणती ना ती? अल्लाच्या दारी काय नावाने उभी राहणार?"

दुपारी सिल्विया बापाबरोबर रासबेरी तोडायला डोंगरावर गेली. घरात झुल्फिये आणि झोपलेली नात. झुल्फियेने वजू केली, डोक्यावर रुमाल घट्ट बांधला आणि पोरीला उचललं. दुधाचा वास येत होता तिला. झुल्फियेने नाव ठरवून ठेवलं होतं. सेबिले. जे एकीने टाकलं ते दुसरीला द्यायचं.

तिने तोंड त्या इवल्याशा कानाजवळ नेलं. अजानचा पहिला शब्द ओठांवर आला. आणि तिथेच ती थांबली.

पोरीची आई डोंगरावर होती. तिला न विचारता, ती नसताना, तिच्या पोरीवर नाव घालायचं. भलं म्हणून घालायचं. त्या कारकुनालाही वाटलंच असेल की आपण सोन्यासारखं नाव देतोय. झुल्फिये पोरीचा कान तोंडाशी धरून तशीच बसली. तिला वाटलं, या घडीला बापाला विचारता आलं असतं तर तो काय म्हणाला असता? त्याच्या गप्प राहण्यातून तिला कधी काही कळलंच नव्हतं. शेवटी ती एवढंच पुटपुटली, "या अल्ला, हिला सुखी ठेव. नाव तुला माहीत असेल ते."

दार उघडलं. सिल्वियाच्या हातात रासबेरीची बादली होती. तिने आईचा रुमाल बघितला, पोरीच्या कानाशी तिचं तोंड बघितलं.

"काय केलंस?"

"काही नाही."

"कानात काय सांगितलंस तिच्या?"

"काही सांगितलं नाही, सिल्विया."

घरात तिने मुलीला या नावाने कधी हाक मारली नव्हती. सिल्वियाच्या ते ध्यानातही आलं नाही. तिने पोरीला काढून घेतलं.

"खरं सांग आई. मी ओरडणार नाही, पण खरं सांग."

"खरंच सांगतेय. सांगणार होते. नाही सांगितलं."

"सांगणार होतीस! मी थांब म्हटलं, बाबा नको म्हणाले, तरी तू कोर्टात गेलीस. आणि आज म्हणे थांबलीस? कोण विश्वास ठेवेल?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने सिल्विया गेली. बस सुटताना तिने खिडकीतून पोरीचा हात धरून हलवला, पण स्वतः समोर बघत होती.

दोघं घरी आली. अंगणात तंबाखूची पानं ओवायची पडली होती. झुल्फिये मोठी सुई घेऊन बसली. बऱ्याच वेळाने रुशान येऊन समोरच्या बाकावर बसला, त्यानेही एक दोरा घेतला.

"म्हणालीस का तू?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याने दहा-बारा पानं ओवली. "म्हणायला हवं होतंस."

झुल्फियेचे हात थांबले. "तू सांगतोयस हे?"

"पोरगी रागावून जायची ती गेलीच. मग म्हणून टाकायचं."

"मग तू का नाही म्हणालास? आजोबा आहेस. रात्रंदिवस तुझ्याच खांद्यावर होती."

रुशान पानाचं देठ चिमटीत धरून बघत राहिला.

"मला अजान येत नाही आता," तो म्हणाला. "आठवून बघितलं काल. अर्ध्यावर जातो आणि पुढचं सापडत नाही."

झुल्फियेने त्याच्याकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. तिच्या मनात आलं, शिकवते म्हणावं. बस, मी सांगते, माझ्या मागून म्हण. पण कुठल्या नावाने हाक मारून हे बोलायचं, ते तिला सुचेना. ती शब्द शोधते आहे तोवर त्याने ओवलेला दोरा खुंटीला टांगला आणि "मिरच्यांना पाणी घालतो" म्हणत मागच्या अंगाला निघून गेला. बादलीचा आवाज आला, मग पाण्याचा. झुल्फियेने पुढचं पान उचललं.