वेदांगचा लॅपटॉप, सतीशचा खांदा

"लॅपटॉप आहे का सिमेंटचं पोतं? एक दिवस खांदा उतरवून हातात देणार हा."

चपलांच्या कपाटापाशी वाकून सतीश स्वतःशीच पुटपुटत होता. स्मिता त्याच्या मागे, हातभर अंतरावर, डबा घेऊन उभी होती. तिला आधी हसूच आलं. मग ते हसू अर्ध्यात अडकलं. हे गाऱ्हाणं या घरात रोज ऐकू यायचं खरं, पण ते वेदांगचं होतं. सतीशच्या खांद्यावर वेदांगचा लॅपटॉप काय करत होता?

वेदांग, त्यांचा मुलगा, आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला. त्याची ड्रॉइंगची सॉफ्टवेअरं साध्या लॅपटॉपवर धापा टाकतात, म्हणून गेल्या वर्षी हा गेमिंगचा घेतला होता. आकाराने पोळपाटाला मागे टाकेल, चार्जर विटेएवढा. चालू केला की पंखा असा घोंघावायचा की शेजारच्या खोलीत विमान उतरतंय असं वाटावं. आणि किबोर्डाखालून लाल, हिरवे, जांभळे दिवे सारखे पळत असायचे, गणपतीच्या मखराला लावतात तसे.

सतीशचा स्वतःचा लॅपटॉप पातळ, काळा, ऑफिसचा. वेदांगचा हा येईपर्यंत घरात दुसरा कॉम्प्युटर कधी घेतलाच नव्हता. ऑफिसचा आहे ना! वेदांगचे शाळेचे प्रोजेक्ट, सुट्टीची तिकिटं, मुंजीचे फोटो, सगळं त्या ऑफिसच्या लॅपटॉपवर झालं होतं. तो सोफ्याच्या हातावर पडलेला असायचा. तिने तिकडे पाहिलं. सोफ्याचा हात रिकामा होता. आणि मग तिच्या लक्षात आलं, की तो आजच रिकामा झालेला नाही.

"डबा," ती म्हणाली.

"हं. वेदांगला विचारलंय मी. एक हेवी फाइल आहे, आमच्या मशीनवर ओपनच होत नाही."

सतीश एका काँट्रॅक्टिंग कंपनीत परचेसला होता. पाइप आणि व्हॉल्व्हची कोटेशनं मागवणाऱ्या माणसाकडे एवढी कसली जड फाइल? पण विचारलं असतं तर त्याने उत्तर दिलं असतं, आणि उत्तर दिलं असतं तर ते ऐकावं लागलं असतं.

"बरं. पाठ सांभाळ," एवढंच ती म्हणाली.

दार बंद झालं आणि स्मिता तिथेच चपलांच्या स्टुलावर बसली. तिघांचे व्हिसा एकाच दोरीवर वाळत घातलेले, आणि दोरीचं एक टोक सतीशच्या नोकरीला बांधलेलं. वेदांगचं कॉलेज, आखातातला हा अल बर्शाचा फ्लॅट, फ्रिजवरची शाडूची गणपतीची मूर्ती, सगळं त्याच दोरीवर.

वरच्या मजल्यावरच्या शोभनाचं असंच झालं होतं. बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सकाळी तिचा सोफा विकायला आला, दुपारी माशांची टाकी, संध्याकाळी मुलाची सायकल. 'लीव्हिंग सेल.' स्मिताने तिचा मिक्सर घेतला होता आणि घेताना शोभनाकडे बघायचं टाळलं होतं. नंतर सगळे म्हणायचे, "अगं, ते शिफ्ट झाले ना." नोकरी गेली असं कुणी म्हणालं नाही. जणू म्हटलं तर लागण होईल.

आता स्मिताच्या फोनवर त्या ग्रुपचा आवाज झाला तरी ती फोन उलटा करून ठेवायची.

काही दिवसांनी वेदांगची बॅग तिने सोफ्यावरून उचलली. इतकी हलकी की हात वरच गेला.

"अरे, लॅपटॉप?"

"लॅबमध्ये बेटर मशीन्स आहेत, आई. चिल."

"तुला लॅब कधीपासून आवडायला लागली? तिथे मोज्यांचा वास येतो म्हणायचास."

"आय गॉट यूज्ड टू इट." त्याने मोबाइलवरून नजर उचललीच नाही. पण त्याचं बोट स्क्रीनवर हलतही नव्हतं.

यालाही ठाऊक आहे, तिला कळलं. उतू जाणाऱ्या दुधावर तीन माणसं तीन बाजूंनी फुंकर घालत होती आणि गॅस बंद करायला कुणाचा हात पुढे होत नव्हता. रोज सकाळी सतीश इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा, रोज संध्याकाळी येऊन शेख झायद रोडच्या ट्रॅफिकला शिव्या घालायचा. स्मिता ट्रॅफिकबद्दल हळहळायची. नोकरी गेली की व्हिसाला लागतो तो 'कॅन्सल' हा शब्द घरात सिनेमाच्या तिकिटाबद्दलसुद्धा कुणी काढेनासं झालं.

त्या बुधवारी ती कोथिंबीर आणायला मॉलमधल्या सुपरमार्केटात गेली होती. परतताना फूड कोर्टमधून शॉर्टकट घेतला. आधी तिला दिवे दिसले. खांबाशी, प्लगच्या शेजारच्या टेबलावर, लाल, हिरवे, जांभळे. हा राक्षस प्लगशिवाय तासभरही जगत नाही, हे तिला घरी पाठ झालं होतं. मग त्याच्यामागचा टाय दिसला, आणि सगळ्यात शेवटी नवरा.

शेजारच्या टेबलावर शाळा बुडवून आलेली चार पोरं चिकन खात त्या किबोर्डाकडे कौतुकाने बघत होती. एकाने विचारलंच, "अंकल, विच गेम?" सतीशने हसून हात हलवला आणि पुन्हा कानातल्या वायरी सारख्या केल्या.

स्मिता खांबाआड झाली. कोथिंबिरीची पिशवी तिने छातीशी धरली होती.

"सॉरी सर, द नॉइज... इट्स द ए.सी., सर." पंखा घोंघावत होता. सतीश त्याच्यावर आवाज चढवू बघत होता, पण आवाज चढत नव्हता. नोकरी मागणाऱ्या माणसाचा हा आवाज तिने त्याच्याकडून कधी ऐकला नव्हता. सप्लायरला फोनवर "हबीबी, यल्ला, लास्ट प्राइस बोल" म्हणून दटावणारा माणूस इथे प्रत्येक वाक्याला दोनदा 'सर' लावत होता. "येस सर. टुमॉरो मॉर्निंग. आय विल शेअर माय स्क्रीन अँड डू द शीट लाइव्ह, सर. नो प्रॉब्लेम, आय हॅव अ व्हेरी पॉवरफुल मशीन."

इतके दिवस ती भीती तिच्या डोक्यात होती, आता ती टाय लावून समोर बसली होती. पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं फार वाटलं. पण तो दचकेल, आणि आजवर सांभाळलेला चेहरा तिच्यासमोर कसा ठेवायचा हे त्याला सुचणार नाही. ती आली तशीच मागे फिरली आणि लांबच्या जिन्याने खाली उतरली.

संध्याकाळी मशिदीतली अजान संपता संपता सतीश आला. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला, खांदा चोळला.

"काय ट्रॅफिक होता आज!"

"हो का?" स्मिताने कांदा चिरायला घेतला. डोळ्यांत पाणी यायला काहीतरी कारण हवंच होतं.

वेदांग पलंगावर पडून यहयाशी फोनवर बोलत होता. यहया त्याच्या वर्गातला. फोन स्पीकरवर होता आणि दार अर्धं उघडं.

"ब्रो, आर यू मॅड?" यहया ओरडत होता. "कल ज्युरी है, फायनल एक्झाम. सबको अपनी मशीनपे बिल्डिंगका वॉकथ्रू चलाना है, लॅबवाला अलाउड नहीं. तेरा लॅपटॉप किधर है?"

"इट्स... नॉट विथ मी."

"तो लेके आ! नहीं तो फेल. फुल इयर रिपीट, भाई."

"आय नो. खलास, छोड ना. आय विल रिपीट."

स्मिताच्या हातातली सुरी थांबली. रिपीट. पोरगं एक वर्ष असं सोडून देत होतं, बसमधली सीट म्हाताऱ्या माणसाला द्यावी तसं. आणि सतीशने ऐकलं होतं. तो पाण्याचा ग्लास हातात धरून तसाच उभा होता.

वेदांग बाहेर आला, बापाला बघून जागीच खिळला.

"उद्या तुला लागणार आहे का हा?" सतीशने विचारलं. लॅपटॉपकडे न बघता.

"नो नो. यू टेक इट, बाबा."

"नाही, म्हणजे ती फाइल... होईल काहीतरी. तू घेऊन जा."

"तुमची फाइल हेवी आहे ना. आय विल मॅनेज."

"अरे, मी ऑफिसमधून घेईन कुणाचा तरी."

"बाबा, प्लीज. यू टेक इट."

सतीशने लॅपटॉप दोन बोटांनी वेदांगकडे सरकवला. वेदांगने तो परत सरकवला. टेबलाच्या काचेवर करकर आवाज झाला. दोघेही इतक्या मायेने बोलत होते की स्मिताला ते ऐकवेना. ते असंच सरकवत राहिले असते. उद्याची सकाळ उजाडली असती, कुणीतरी दार लावून घेतलं असतं, आणि एकाचं तरी सगळं बुडालं असतं. आणि संध्याकाळी पुन्हा तिघं मिळून ट्रॅफिकबद्दल बोलले असते.

तिने सुरी ठेवली. पदर नव्हता, कुर्त्यालाच हात पुसले. हे वाक्य एकदा हवेत गेलं की परत घेता येणार नव्हतं, शोभनाचा सोफा ग्रुपवर आला तसंच. ती टेबलाशी आली आणि लॅपटॉपवर दोन्ही तळवे ठेवले. तो अजून गरम होता.

"वेदांग, उद्या हा तू नेणार आहेस."

"आई, पण बाबांना..."

"गप्प बस जरा." तिचा आवाज थरथरला, तो तिने थरथरू दिला. "सतीश, माझ्याकडे बघ. इकडे बघ. तुझी नोकरी गेलीय."