टेपनं मापलेलं स्टूल

वयाच्या बावन्नाव्या वर्षी टेलर मास्तरांना सुतारकामाची हुक्की आली आणि त्यांच्या बायकोची सागाची फळी धोक्यात आली. फळी तिच्या वडिलांनी दिलेली, लांबरुंद, आजवर पलंगाखाली जपलेली. मास्तरांना तिचं बाक करायचं होतं.

"आधी खोक्याच्या लाकडाचं स्टूल करा," बाई म्हणाल्या. "मी बसल्यावर डुगडुगलं नाही, तर फळी तुमची. डुगडुगलं तर पुन्हा तिचं नाव काढायचं नाही."

मास्तर हसले. तीस वर्षं माणसं मापली, चार पाय काय जड!

समोरच्या सुतारदादांकडे ते हत्यारांची हातभर यादी घेऊन गेले. दादांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला. "करवत, रंधा, एक पटाशी आणि काटकोन बघायला गुण्या. बाकीची हत्यारं दुकानातच शोभतात."

मास्तर करवतीचे दात मोजत बसले. प्रश्न विचारत होत्या त्या दारात उभ्या बाई.

"खोक्याचंच लाकूड का, दादा?"

"मऊ असतं, वहिनी. नवख्याचं ऐकतं. बिघडलं तरी रडू येत नाही."

"आणि पॉलिश पेपर कसा मारायचा?"

"रेषा जातील तसा. आधी खरखरीत, मग बारीक. आडवा मारलात तर तेल लावल्यावर सगळे ओरखडे वर येतात."

"म्हणजे कापडासारखा लाकडालाही उभा धागा असतो!"

दादांनी पहिल्यांदा हातातलं काम थांबवून बाईंकडे नीट पाहिलं.

मास्तरांनी घरी, गळ्यातल्या टेपनं मापून, अठरा इंचांचे चार पाय कापले. एक गाठीवर फुटला. त्याच्या जागी दादांनी आपल्या पोलादी पट्टीनं अठराचाच नवा काढून दिला. सगळं दादांकडे नेऊन स्टूल जोडलं, घासलं, जवसाच्या तेलाचे दोन हात दिले, मध्ये एक दिवस वाळवलं. बाई बसल्या.

डुग.

"फरशी वाकडी आहे," मास्तर म्हणाले.

बाईंनी तीन ठिकाणी बसून बघितलं. तिन्ही ठिकाणी डुग. मग त्यांनी नवऱ्याच्या गळ्यातली टेप काढली आणि दादांच्या पट्टीवर ठेवली. टेपचे अठरा पट्टीच्या सव्वाअठरावर जाऊन थांबले.

"ओढून ओढून लांबलीय हो!"

मास्तरांचा चेहरा उतरला. "म्हणजे तीस वर्षं मी सगळ्या गावाचे कपडे..."

"काही नाही झालं. माणूस हिनंच मापलात, कापडही हिनंच कापलंत. पट्टीशी गाठ आज पडली."

मास्तरांनी तरातरा जाऊन करवत उचलली.

"थांबा, मास्तर!" दादा ओरडले. "अंदाजानं थोडा हा, थोडा तो असं कापत गेलात, तर जेवायला बसायचा पाट होईल. तिन्ही पाय आखून घ्या, मग एकदाच कापा. आणि कापलेल्या टोकांना तेल पाजा, टोकंच जास्त पितात."

आखलं बाईंनी, कापलं मास्तरांनी. आता स्टूल ढिम्म हललं नाही. पण डुग झालं ते झालंच होतं. मास्तर शब्दाचे पक्के. त्यांनी फळीचं नाव काढलं नाही, फक्त रस्त्यापलीकडच्या आपल्या घराकडे दोनदा बघितलं.

बाई उठून घरी गेल्या आणि फळी स्वतः घेऊन आल्या.

"पैज तुम्ही हरलात," त्या म्हणाल्या. "बाक मी करणार. दादा, पहिली रेघ कुठं मारू?"

दादांनी कानावरची पेन्सिल त्यांच्या हाती दिली. कुणी न सांगता मास्तरांनी फळीचं दुसरं टोक धरलं आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं,

"घट्ट धरू, की जरा सैल?"