गेल्या वर्षीचा पाठ

तिओमिनार माझी शेजारीण. रोज पहाटे चूल पेटवायच्या आधी ती बायबल उघडते. आमच्या चर्चचं दरवर्षी एक नवं छोटं पंचांग निघतं, त्यात वर्षाच्या प्रत्येक दिवसाचा उतारा नेमून दिलेला. आपल्या आवडीचं पान काढून वाचायचं नाही, त्या दिवशी जे येईल ते वाचायचं. मीही वाचते. म्हणजे आठवण झाली की वाचते.

तिचा नवरा वारला आणि दीर मारोलोपने त्याची तळ्याकाठची तिन्ही खाचरं आपल्या नांगराखाली घेतली. मुलगा नाही, एकच मुलगी, लामरिया. ती उद्या दुसऱ्या कुळात जाणार, तिला जमीन कशाला? रीतच तशी, गावाने मान डोलावली. मारोलोप चर्चचा पंच, त्याला कोण बोलणार? दोन वर्षं त्याने पीक घेतलं. यंदाची रोपंही वाफ्यात वीतभर वाढली होती. तिसरी लावणी त्याच्या हातची झाली की ते शेत त्याचंच म्हणायचं, हे सगळे धरून चालले होते.

"एदा," मी तिला, आमच्याकडे बायका एकमेकींना हाक मारतात तशी हाक मारून, विचारायची, "एवढं वाचतेस, देवाने शेत दिलं का परत?"

"देव ऐकतोय गं. ऐकायचं राहिलंय ते दुसऱ्या कुणाचं."

असं उत्तर आलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी असते तर कोयता घेऊन बांधावर बसले असते.

जानेवारीत, लावणीच्या आदल्या आठवड्यात, गल्लीच्या प्रार्थनेची पाळी तिच्या घरी आली. दर गुरुवारी एकेका घरी जमायचं, दिवसाचा उतारा पंचाने वाचायचा, मग कॉफी. तिने चटया अंथरल्या, तळ्यातला मासा हळद घालून शिजवला. लामरियाने तोंड फुगवलं होतं.

"काकांना मासा कशाला? आपल्याच भातावर पोसलेत ते."

"घरी आलेल्याला वाढायचं असतं. जा, पानं पूस."

मारोलोप आला, दारापाशी वाकून म्हणाला, "वहिनी, बऱ्या आहात ना?" आवाजात नुसती साखर. गाणं झालं. त्याने पंचांग काढलं, तारीख बघितली आणि सांगितलं, "गणना, अध्याय सत्तावीस."

सलाफहादच्या पाच मुलींची गोष्ट. बाप मेला, भाऊ नाही. त्या मोशेसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मुलगा नव्हता म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसायचं? आम्हालाही वाटा द्या. मोशेने देवाला विचारलं. देव म्हणाला, मुलींचं बरोबर आहे.

मारोलोपचा आवाज आधी खणखणीत होता, मग हळूहळू उतरत गेला. चटईवर कुणी कुणाकडे बघेना. लामरिया कॉफीची किटली हातात घेऊन तशीच उभी राहिली. मला तर देवाने स्वतः दार ठोठावल्यासारखं वाटलं. खरंच सांगते, डोळे भरून आले.

वाचन संपलं. मध्ये कुणी बोलायचं नसतं, म्हणून तिओमिनार तोवर थांबली होती. मग म्हणाली, "भाऊजी, हा आजचा उतारा नाही. आज स्तोत्र आहे, सकाळीच वाचलं मी. तुमच्या हातात गेल्या वर्षीचं पंचांग आलंय."

मी तिच्या मांडीला चिमटा काढला. पंधरा जणांत एकालाही चूक कळली नव्हती, कारण सकाळी कुणीच वाचलं नव्हतं. मीसुद्धा नाही. हातातोंडाशी आलेला घास ही बाई आपल्याच हाताने परत करत होती.

मारोलोपने चष्मा सारून मुखपृष्ठ बघितलं. दोन्ही वर्षांची पंचांगं सारखीच निळी. आता हा सुटल्यासारखा हसेल असं मला वाटलं. तो हसला नाही.

"म्हणजे गेल्या वर्षी याच तारखेला मी हे वाचलंय," तो म्हणाला. "घरी, बायकोपोरांसमोर. वाचलं, जेवलो आणि तुमच्या खाचरात नांगर घेऊन गेलो. मला आठवतसुद्धा नाही, वहिनी."

"मीही वाचलं होतं त्या दिवशी," तिओमिनार म्हणाली. "तेव्हापासून वाट बघतेय."

मारोलोपने त्या दिवसाचं स्तोत्र वाचलं आणि मासा न खाताच तो गेला. "पालथ्या घड्यावर पाणी," मी भांडी घासताना म्हणाले. तिओमिनार एकच वाटी पुन्हा पुन्हा विसळत होती. तिला किती भीती वाटते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

चौथ्या दिवशी पहाटे मी विस्तव मागायला तिच्याकडे गेले. ती वाचत बसलेली. पायरीवर मारोलोप उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखल.

"वहिनी, जरा बोलायचं होतं."

"उतारा व्हायचाय अजून. बसा."

चर्चचा पंच पायरीवर बसला. त्या दिवशी नेमकी नावांची भलीमोठी यादी होती, अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा फलाणा. तिने एकही नाव गाळलं नाही. त्याने शेवटपर्यंत हात जोडून ऐकलं.

मग म्हणाला, "रोपांच्या जुड्या बांधावर ठेवल्यात. लामरियाला उठवा. पहिली जुडी तिने लावायची."

तिओमिनारने खुणेची दोरी पानात घातली, पुस्तक मिटलं आणि पोरीला हाक मारली.

मी विस्तव न घेताच घरी आले आणि निळं पंचांग शोधू लागले.