हात लावू नये

पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत तिला सगळे भाची म्हणत. तिला नाव होतं, ओळखपत्रावर छापलेलंही होतं. पण तिच्या आधी एकोणीस वर्षं तिथले सगळे संगणक तिच्या मामाने सांभाळले होते, आणि मामा निवृत्त झाल्यावर त्याच खुर्चीवर भाची येऊन बसली म्हटल्यावर दुसरं नाव लक्षात ठेवायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. लेखी परीक्षेत आपण पहिल्या आलो होतो, हे ती सुरुवातीला सांगायची. मग तिने सांगायचं सोडलं, कारण ऐकणारा मान डोलवून म्हणायचा, "असणारच, भाची कुणाची!"

तिचं सहा महिन्यांचं प्रोबेशन आज संपत होतं. दुपारी दोन वाजता संचालकांनी तिला बोलावलं होतं. त्यांच्या टेबलावर दोन कागद होते: एकावर तिला कायम करायचं होतं, आणि दुसरा बाहेरच्या एका कंपनीचा प्रस्ताव होता, की हे सगळं काम आमच्याकडे द्या, तुम्हाला माणूस ठेवायची गरजच नाही. दोन्हींपैकी एकावर सही होणार होती. तिने महिनाभर आधीच ठरवलं होतं की काहीही झालं तरी आज मामाला फोन करायचा नाही. नोकरी मिळाली तर आपल्या अकलेवर मिळू दे.

आणि नेमका आजच वायरमन सर्व्हरच्या खोलीतली बॅटरी बदलायला आला. बॅटरी बदलायची तर सर्व्हर बंद करावा लागणार. तिने सकाळी नऊला सगळ्यांना निरोप पाठवला, दहा मिनिटं काम थांबेल. सर्व्हर रीतसर बंद केला, वायरमनने बॅटरी बदलली, कागदावर तिची सही घेतली आणि तो गेला. तिने बटण दाबलं. यंत्र सुरू झालं, दिवे लागले, पंखे फिरले. फक्त त्यावर चालणारा डिरेक्टरी सर्व्हर नावाचा प्रोग्रॅम उठला नाही.

डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे त्या इमारतीचा हजेरीपट. तुम्ही कुठल्याही संगणकावर नाव आणि पासवर्ड टाका, तो संगणक आधी ह्याला विचारतो, हा माणूस आपला आहे का? दारावर कार्ड टेकवा, दारही ह्यालाच विचारतं. तो नसला की कुणीच कुणाला ओळखत नाही. नऊ वाजून वीस मिनिटांनी त्या इमारतीत बेचाळीस माणसं होती आणि एकही आपली नव्हती.

यंत्राच्या स्वतःच्या पडद्याला डिरेक्टरीची परवानगी लागत नसे; तिथून तिने तो पुन्हा सुरू करायचा हुकूम दिला. पडद्यावर उत्तर आलं: सुरू करता आला नाही. तिने कारण विचारलं. यंत्राने सांगितलं, अशी प्रक्रिया अस्तित्वात नाही.

आता हे काय उत्तर झालं? प्रक्रिया अस्तित्वात नाही म्हणूनच तर ती सुरू करायची होती. कुणाला दार उघड म्हणावं आणि त्याने आतून सांगावं की दार बंद आहे, तसं ते होतं. तरी ती शास्त्राची पदवीधर. चिडली तरी पद्धत सोडायची नाही, हे तिच्या अंगात भिनलेलं. तिने वहीत रेघ मारली, डावीकडे शंका, उजवीकडे पुरावा. पहिली शंका बॅटरीवर. मोजलं, वीज बरोबर होती. दुसरी शंका, सर्व्हरच्या मांडणीत काही बिघाड. सगळ्या ओळी वाचल्या, एक स्वल्पविराम हललेला नव्हता. तिसरी, सर्व्हरची स्वतःची नोंदवही. ती उघडली तर सकाळी बंद केल्यानंतर एक अक्षर नाही. म्हणजे हा पठ्ठ्या उठायचा प्रयत्न करून पडत नव्हता. त्याच्यापर्यंत हाकच पोचत नव्हती.

त्यात आणखी एक वैताग. यंत्र घुम्यासारखं वागत होतं. साधी फाइलींची यादी मागितली तरी अर्धा मिनिट गप्प बसायचं आणि मग उपकार केल्यासारखं उत्तर द्यायचं. डिस्क मरायला टेकली असणार, असं तिला वाटलं. तिने डिस्क तपासायला लावली. त्यात पाऊण तास गेला आणि निकाल आला, डिस्क ठणठणीत.

साडेदहा वाजता केमिस्टबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. बाईंची बावीस वर्षं नोकरी झालेली, मामाच्या बरोबरीच्या. काल लावलेल्या काचेच्या तबकड्यांवर जंतूंचे ठिपके उगवले होते आणि ते बाराच्या आत मोजायलाच हवे होते, नाहीतर चोवीस तास उलटतात आणि नमुना फुकट जातो. मोजायचं यंत्र बाईंना ओळखत नव्हतं. बाईंनी भिंग घेतलं होतं आणि कागद-पेन्सिल घेतली होती, आणि हे सगळं त्या भाचीला दाखवायला मुद्दाम हातात धरून आल्या होत्या.

"मी मोजेन गं हाताने," बाई म्हणाल्या. "आम्ही तसंच शिकलोय. तुझी दहा मिनिटं मात्र कोण मोजतंय?"

बाईंनी मग आवाज खाली आणून, खरोखर मायेने, मामाला एक फोन कर ना, असं सुचवलं. बाईंनी टोमणा मारला तेव्हा तिला काही वाटलं नव्हतं. ह्या मायेने मात्र तिच्या अंगाची लाहीलाही झाली. गरज नाही, ती म्हणाली.

खरं तर तिला मनातून मामाचाच संशय होता. मामा हुशार होता, पण त्याची कामाची तऱ्हा म्हणजे डोक्याला ताप. त्याला चिठ्ठ्या चिकटवायची सवय. ती ह्या खोलीत पहिल्यांदा आली तेव्हा पंख्याच्या बटणावर चिठ्ठी, खिडकीच्या कडीवर चिठ्ठी, तिसऱ्या कपाटाच्या खालच्या खणावर चिठ्ठी, आणि प्रत्येकीवर एकच वाक्य, मामाच्या ठसठशीत अक्षरात: हात लावू नये. घरीसुद्धा तेच. मामीच्या शिलाई यंत्रावर, रेडिओवर, आणि दाराजवळच्या खिळ्याला टांगलेल्या एका जुनाट चष्म्यावर. त्या चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने बांधलेली. तो टाकून द्यावा म्हणून मामी वर्षानुवर्षं टपून बसलेली. का हात लावू नये, हे मात्र मामाने कुठेच लिहिलेलं नसायचं.

कारण नसलेला नियम म्हणजे अंधश्रद्धा, असं भाचीचं मत होतं. पहिल्याच आठवड्यात तिने एकेका चिठ्ठीची परीक्षा घेतली. पंख्याच्या बटणाला हात लावला, काही झालं नाही. कडी उघडली, खिडकी उघडली. खणात एक मेलेली पाल निघाली. मग तिने खोलीतल्या सगळ्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या, आणि हळूहळू यंत्राच्या आतलीही साफसफाई सुरू केली, कारण मामाने तिथेही जागोजाग अपवाद करून ठेवले होते. तिला अपवाद आवडत नसत.

साडेअकराला संचालकांनी निरोप धाडला, कंपनीचा माणूसही दोन वाजता येतोय. तेवढाच निरोप. तिने पेला उचलला, त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं. तिने तो पुन्हा ठेवला आणि पुन्हा उचलला.

तिने डिरेक्टरीची जुनी जपून ठेवलेली प्रत परत बसवून पाहिली. नाही. यंत्र संपूर्ण बंद करून पुन्हा सुरू केलं. नाही. अशी प्रक्रिया अस्तित्वात नाही, अशी प्रक्रिया अस्तित्वात नाही. अकरा वेळा तेच. बाराव्या वेळी तिने यंत्राला असं काही ऐकवलं की बाहेरून जाणारे शिपाईकाका थबकले आणि आपल्याला तर नाही ना म्हणून आत डोकावून गेले.

पाऊण वाजता तिने फोन हातात घेतला. मामाचं नाव काढलं. अंगठा वर धरून बसली. मामा उचलेल, ऐकून घेईल, आणि पहिल्या वाक्यात सांगेल काय झालंय ते. पाच मिनिटांत सुटेल. आणि मग जन्मभर भाची. तिने फोन उलटा ठेवला, आणि दुसरं काही सुचेना म्हणून सर्व्हरच्या सामानाची यादी पुन्हा मागवली, आज सातव्यांदा. अर्धा मिनिट घुमेपणा. मग यादी.

सकाळपासून सहा वेळा तिने ही यादी पाहिली होती. प्रत्येक वेळी फाइलींची नावं वाचली होती, तारखा वाचल्या होत्या, आकार वाचले होते. मालकाचा रकाना वाचलाच नव्हता, कारण मालक कोण ते तिला माहीत होतं. आता तिने तो वाचला. तिथे मालकाचं नाव नव्हतं. नुसता एक आकडा होता, चारशे सतरा.

ती सरळ बसली. प्रत्येक सर्व्हरला यंत्रावर स्वतःचं एक खातं असतं, माणसाला असतं तसंच. यंत्र त्याला त्या खात्याच्या नावाने उठवतं. नावाच्या जागी आकडा दिसतोय म्हणजे यंत्राला चारशे सतरा कोण ते माहीत नाही. नाव माहीत नसलं की यंत्र काय करतं? डिरेक्टरीला विचारतं. अर्धा मिनिट वाट बघतं. डिरेक्टरी उत्तर देत नाही. का देत नाही? कारण ती सुरू नाही. का सुरू नाही? कारण तिला ज्याच्या नावाने उठवायचं तो चारशे सतरा कोण, ते यंत्राला माहीत नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण कळसा काखेत ठेवला कुणी?

हे उत्तर शोधायला तिला वही लागली नाही. तीन आठवड्यांपूर्वीची संध्याकाळ तिला स्वच्छ आठवली. इमारतीतली झाडून सगळी खाती डिरेक्टरीत, एक मात्र, डिरेक्टरीचं स्वतःचं, मामाने वेगळं, यंत्रातल्या एका साध्या फाइलीत लिहून ठेवलेलं. एवढा गबाळेपणा! त्या ओळीच्या डोक्यावर नेहमीचंच वाक्य होतं. तिने ते वाचलं, हसली, ओळ उचलून डिरेक्टरीत नेऊन ठेवली आणि चिठ्ठी पुसून टाकली. काही झालं नाही. होणार कसं? सर्व्हर तेव्हा जागाच होता. जाग्या माणसाला हाक मारावी लागत नाही.

तिने ती एक ओळ परत साध्या फाइलीत लिहिली. सर्व्हर एका सेकंदात उठला. व्हरांड्यात दाराचं कुलूप कट्कन वाजलं, आणि कुणीतरी म्हणालं, चला, ओळख पटली एकदाची.

दोन वाजता ती संचालकांसमोर बसली होती. कंपनीचा माणूस बाहेर बाकावर थांबला होता. संचालक खुशीत दिसले. केमिस्टबाईंनी त्यांना सांगितलं होतं की पोरीने मामाला फोन न करता एकटीने निस्तरलं. त्यांनी तिला कायम करायचा कागद पुढे ओढला, टोपण काढलं, आणि बिघाडाच्या नोंदीत लिहायला कारण विचारलं. विचारता विचारता उत्तरही स्वतःच दिलं: मामानेच काहीतरी जुनं लफडं करून ठेवलं असणार, नाही का? एकोणीस वर्षांत माणूस काय काय करून ठेवतो.

नुसतं हो म्हणायचं होतं. मामा निवृत्त होता, त्याचं काही बिघडणार नव्हतं. तिने टोपणाकडे पाहिलं.

"नाही सर. मामाने बरोबर ठेवलं होतं. मी हलवलं."

संचालकांनी पेन तसंच धरून ठेवलं. मग म्हणाले, मला समजेल असं सांग. ती सांगायला लागली, खातं, फाइल, चारशे सतरा, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही हे बघून थांबली. तिला एकदम दाराजवळचा खिळा आठवला.

"मामाच्या घरी एक मोडका चष्मा टांगलेला असतो," ती म्हणाली. "चांगला चष्मा हरवला की तो शोधताना घालायला म्हणून. ते खातं म्हणजे तसलाच चष्मा. मला वाटलं अडगळ आहे. मी तो उचलून चांगल्या चष्म्याच्याच डबीत ठेवला, आणि डबी हरवली."

संचालकांनी स्वतःचा चष्मा काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत घातला. मग त्यांनी सही केली, पण सहीच्या वर एक ओळ हाताने वाढवली आणि कागद तिच्याकडे फिरवला. दर शुक्रवारी सकाळी आठ वाजता, कामकाज सुरू होण्यापूर्वी, सर्व्हर बंद करून संचालकांच्या समक्ष पुन्हा सुरू करून दाखवणे. दर शुक्रवारी? तिने विचारलं. दर शुक्रवारी, ते म्हणाले, आणि बाहेरच्या माणसाला आता चहा पाजून वाटेला लावतो.

खाली आल्यावर तिने त्या ओळीच्या डोक्यावर कारण लिहायला घेतलं. नीट, पुढच्याला समजेल असं. चौदा ओळी झाल्या. वाचून पाहिल्या. अचूक होत्या, आणि चौदा ओळी कुणी वाचत नसतं हे तिला स्वतःवरूनच ठाऊक होतं. थोडा वेळ ती दात-ओठ खात बसली. मग त्या चौदा ओळींच्या वर तिने तीन शब्द लिहिले. कोणते, ते सांगायला नको.

त्यानंतरच तिने मामाला फोन केला. आधी मामीने उचलला, बातमी ऐकली, आनंदाने दोनदा विचारून घेतली आणि फोन त्याच्याकडे दिला. भाचीने सगळं सांगितलं. तो नुसतं हं, हं करत राहिला, आणि त्यानेच ती जास्त चिडली.

"दोन शब्दांत कारण लिहायला काय झालं होतं तुला?"

"कारण लिहिलं की लोक वाद घालतात," मामा म्हणाला.

"आणि नाही लिहिलं की पुसून टाकतात."

हे मामाला पटलं असावं, कारण त्याने वाद घातला नाही. मग त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, पंख्याच्या बटणावरची चिठ्ठी तरी आहे ना?

"काढली. हातही लावला. काही झालं नाही."

"पावसाळ्यात लावलास ना?" मामा म्हणाला. "उन्हाळा येऊ दे."

का, काय होतं उन्हाळ्यात, तिने तीनदा विचारलं. पलीकडे मामाने मामीला आपला चष्मा कुठे आहे ते विचारलं आणि फोन ठेवला.